आठ वर्षांचा लॅपटॉप आणि दहा हजार रुपये

प्रश्न : मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. गणेश चवथीच्या आधी ऑनलाइन एक वापरलेला लॅपटॉप घेतला : लेनोवो थिंकपॅड टी४८०, आय-फाइव्ह, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. एकोणीस हजार पडले. दिसायला चांगला आहे, कीबोर्ड तर फारच छान. पण बटण दाबून चहा टाकला तर चहा पिऊन होतो तरी हा जागा होत नाही. शाळेचे तक्ते, पीडीएफ आणि ब्राउझर एकदम उघडले की गोठतो. बॅटरी दीडेक तास टिकते. धाकटा भाऊ गावच्या जत्रेतल्या नाटकांचं मोबाइलवर शूटिंग करतो, त्याला एडिटिंगही याच लॅपटॉपवर करायचंय. तो म्हणतो ३२ जीबी रॅम, १ टीबीची एनव्हीएमई (फार वेगाची एसएसडी) आणि बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड घे. दुकानदार म्हणाला, प्रोसेसर बदलून आय-सेव्हन करून देतो. यजमान म्हणतात, विकून टाक आणि नवा घे. माझ्याकडे दहा हजार आहेत. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये आहेत, त्यांचं काही होऊ नये एवढीच जास्तीची काळजी. कोणाचं ऐकू?
— एक शिक्षिका, वाळपई

नमस्कार बाई,

विकू नका. आणि प्रोसेसर बदलायला तर मुळीच देऊ नका. टी४८० चा प्रोसेसर मदरबोर्डवर कायमचा सोल्डर केलेला असतो, तो काढून दुसरा बसवता येत नाही. ‘प्रोसेसर बदलून देतो’ म्हणजे अख्खा मदरबोर्ड बदलून देतो, आणि तो बोर्डही दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या मशीनमधून काढलेला असणार. एवढं करून हाती काय लागतं? तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक आय-फाइव्ह ८२५०यू असेल, नाहीतर ८३५०यू. त्याच पिढीतल्या आय-सेव्हनलाही कोअर चारच, थ्रेड आठच, आणि विजेची मर्यादाही तीच १५ वॉटची. वेग थोडा जास्त. तो तक्ता उघडताना तुम्हाला जाणवणारही नाही.

यजमानांचा मुद्दा मात्र असा उडवून लावता येत नाही. जुन्या मशीनवर पैसे घालत बसण्यापेक्षा नवं घ्यावं, हे पुष्कळदा खरं असतं. तुमच्या बाबतीत नाही, आणि त्याचं कारण आठवी पिढी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर. म्हणजे तुमच्या मशीनच्या आदल्या वर्षीचं टी४७० घेतलं असतं, तर मी आज वेगळं उत्तर लिहिलं असतं. टी४८० या रेषेच्या अलीकडे आहे. शिवाय त्यात रॅमचे दोन खाचे आहेत, डिस्क बदलता येते, बाहेरची बॅटरी हाताने निघते. एकोणीस अधिक दहा, म्हणजे एकोणतीस हजारांत नवा घ्यायला गेलात तर या किमतीतल्या कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. आणि असा कीबोर्ड तर विसराच.

तुमचं मशीन अडतंय कुठे, ते आधी डोळ्यांनी बघून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सचं पान असतं. लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या डिस्कचा आलेख बघा. माझा अंदाज, तो शंभर टक्क्यांना चिकटून बसलेला असेल आणि त्याच वेळी प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर आरामात असेल. हार्ड डिस्कच्या पोटात तबकडी फिरते आणि तिच्यावर एक काटा मागे-पुढे सरकत माहिती वाचतो. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभरेक एमबी देते, तक्रार नसते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली इथून तिथून गोळा कराव्या लागतात, आणि असं इकडेतिकडे शोधणं तिला सेकंदाला शंभराच्या आसपासच जमतं. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तीच गोष्ट ती सेकंदाला हजारोंनी करते. तुमचा चहा पिऊन होतो तो त्या काट्याच्या येरझाऱ्यांमुळे.

त्याच पानावर मेमरी बघा. ब्राउझर, पीडीएफ आणि तक्ते उघडे ठेवून. ८ जीबी भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि डिस्क अशी संथ असली की सगळंच गोठतं. त्यामुळे ही दोन दुखणी एकमेकांत गुंतलेली आहेत. एसएसडी घातली की रॅमची कमतरताही बरीच झाकली जाते. उलट करून, आधी रॅम वाढवून बघायला गेलात, तर चहा तसाच पिऊन होणार.

पैसे काढण्याआधी मात्र तीन गोष्टी तपासा, आणि या आजच.

एक : लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेलं नाव नीट वाचा. टी४८० आणि टी४८०एस ही दोन वेगळी मशिनं आहेत. विकणारे शेवटचा ‘एस’ खुशाल गाळतात. एसमध्ये रॅमचा काही भाग बोर्डवर सोल्डर केलेला असतो, खाचा एकच, आणि बाहेरची बॅटरी नसते. तुमच्या लॅपटॉपच्या मागच्या कडेला सरकवून निघणारी बॅटरी असेल तर तो साधा टी४८०, पुढचं सगळं त्याला धरून आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. असे लॅपटॉप बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून येतात. तीन-चार वर्षं वापरून कंपनी ते लॉटने विकते, आणि दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असा प्रवास करत ते आपल्या दारात येतात. जाताना कंपनीने कुलपं काढलेली असतातच असं नाही. लॅपटॉप सुरू करताना लेनोवोचं नाव दिसलं की एफ१ दाबा. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारं मशीनचं मूळ सेटिंग, उघडेल. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला, किंवा काहीच बदलू देईना, तर तो पासवर्ड विकणाऱ्याकडूनच काढून घ्यावा लागेल. हे कुलूप साध्या दुकानात उघडत नाही, लेनोवोचं अधिकृत उत्तर बोर्ड बदला असंच आहे. दुसरं कुलूप विंडोज नव्याने घातल्यावर कळतं : इंटरनेट जोडल्याबरोबर कुठल्यातरी अनोळखी कंपनीचं नाव आणि तिचा लॉगिन समोर येतो. असं झालं तर मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे, ते फक्त तीच कंपनी काढू शकते. या दोनपैकी काहीही निघालं तर एक रुपयाही घालू नका, विकणाऱ्याला गाठा.

तिसरं, फर्मवेअर, म्हणजे सुट्या भागांच्या आतच भरलेलं सॉफ्टवेअर. २०१७ ते २०१९ च्या काही थिंकपॅडमध्ये, त्यात टी४८० आलाच, थंडरबोल्टच्या (यूएसबी-सी पोर्टातल्या वेगवान जोडणीच्या) फर्मवेअरमध्ये दोष होता. काही काळाने यूएसबी-सी पोर्ट काम करेनासा होतो आणि त्यातून चार्जिंगही बंद पडू शकतं. लेनोवोने त्यावर अपडेट दिलेला आहे. लेनोवो व्हँटेज नावाचं त्यांचं मोफत ॲप घ्या, त्यातून सगळे अपडेट करून टाका. चार्जर लावलेला असू द्या आणि मध्ये लाईट जाईल अशा दिवशी हे काम काढू नका. पोर्ट पुरता मेल्यावर अपडेट घालून उपयोग होईलच असं नाही, म्हणून हे पुढे ढकलू नका.

आता खरेदी. पहिली एसएसडी.

भाऊ म्हणतो एनव्हीएमई. चुकीचं नाही, पण तुमच्या मशीनमध्ये आज अडीच इंची हार्ड डिस्क आहे, म्हणजे तिची केबल साटा या जुन्या, संथ जोडणीची आहे. एनव्हीएमई बसवायला वेगळी केबल आणि वेगळा ट्रे लागतो. तो मिळतो, पण मागवावा लागतो, आणि स्वस्तातले ट्रे ढिले बसतात. शिवाय त्या जागी टी४८० एनव्हीएमईला माहिती ने-आण करायला चारऐवजी दोनच मार्गिका देतो. खोक्यावर सेकंदाला सात हजार एमबी छापलेली महागडी एसएसडी आणली तरी तिचा जेमतेम पाव वेगच वापरला जाईल. साधी अडीच इंची साटा एसएसडी, ७ मिलिमीटर जाडीची, आहे त्याच ट्रेमध्ये, आहे त्याच केबलवर बसते. ती सेकंदाला पाचशेच्या वर एमबी देते. तक्ते, पीडीएफ आणि ब्राउझर यांच्यासाठी साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक हातात घड्याळ धरूनच शोधावा लागतो. हार्ड डिस्क आणि साटा यांतला फरक पहिल्या दिवशी कळतो. ५०० जीबीची घ्या. नावाजलेल्या कंपनीची, बिलासह, तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीची. वापरलेली एसएसडी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. तिच्यावर किती लिहून झालंय यावर तिचं उरलेलं आयुष्य ठरतं, आणि ते वरून दिसत नाही.

विंडोज जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं उतरवून घेता येतं, पण तुम्ही नव्याने घाला. विकणाऱ्याने आत काय काय घातलंय कोणास ठाऊक. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं फुकट साधन, आणि तासभर. परवान्याची चिंता नको : कार्यालयातून आलेल्या या मशिनांचा विंडोजचा परवाना सहसा बोर्डाशी बांधलेला असतो, नवी डिस्क घातली तरी नेटला जोडल्यावर तो आपोआप ओळखला जातो. म्हणूनही दुकानदाराला बोर्ड बदलू देऊ नका.

तुमच्या श्रीलिपीतल्या प्रश्नपत्रिकांना या सगळ्यात धोका एकाच ठिकाणी आहे. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. फाइल उतरवून घेतली आणि फाँट विसरलात, तर नव्या विंडोजमध्ये ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसेल. म्हणून जिथे त्या आज व्यवस्थित उघडतात त्या संगणकावरून दोन गोष्टी घ्या : त्या श्रीलिपी फाँटच्या फाइली, आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेची एक पीडीएफ. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसेल आणि तशीच छापेल. नव्या प्रश्नपत्रिका मात्र युनिकोडमध्येच टाइप करा. त्या व्हॉट्सॲपवर पाठवल्या तरी वाचता येतात.

आता रॅम. मेमरीच्या त्याच पानावर किती खाचे वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं. ‘दोनपैकी एक’ असेल तर काम सोपं : ८ जीबीची आणखी एक पट्टी घ्या, १६ होतील. पट्टी लॅपटॉपची हवी आणि डीडीआर४ हवी. डीडीआर३ किंवा डीडीआर५ त्या खाचेत जातच नाही, मधली खूण वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावू नका. तुमचं मशीन २४०० च्या वेगाने चालतं. दुकानात ३२०० ची मिळाली तरी चालेल, ती मुकाट्याने २४०० वर उतरते. दोन पट्ट्या झाल्या की मेमरी दोन वाटांनी चालते, आणि तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातलंच असून रॅमच वापरत असल्याने व्हिडिओलाही थोडा उठाव येतो. ‘दोनपैकी दोन’ दिसलं, म्हणजे ४-४ च्या दोन आहेत; मग एक काढून तिथे ८ ची घातली तर १२ होतील. तेवढ्यावरही तुमचं भागेल.

३२ जीबी नको. घेऊन ठेवावी म्हणण्याचे हे दिवस नाहीत. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भलतेच चढलेत. म्हणून मी इथे आकडे देत नाही, आज लिहिलेला आकडा तुम्ही दुकानात पोचेपर्यंत खोटा ठरायचा. आधी एसएसडी घ्या, उरलेल्या पैशांत रॅमचा भाव विचारा. रॅम वापरलेली घ्यायला माझी हरकत नाही. तिच्यात झिजण्यासारखं फार काही नसतं, दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेली पट्टी बिनदिक्कत चालते. फक्त बसवल्या बसवल्या विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक ही चाचणी एकदा चालवा. चूक दाखवली तर दुसऱ्याच दिवशी परत.

बसवायचं काम भावाला करू द्या, जमण्यासारखं आहे. पण पेचकस हातात घेण्याआधी एक पायरी आहे आणि ती बरेच जण गाळतात. या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या आहेत : एक बाहेरची आणि एक आत. बाहेरची काढली म्हणून वीज बंद होत नाही. एफ१ दाबून बायोसमध्ये जा, कॉन्फिग, मग पॉवर, आणि तिथे ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ हा पर्याय निवडा. चार्जर आधी काढून ठेवलेला हवा. लॅपटॉप बंद होईल आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतली बॅटरी झोपलेली राहील. मग बाहेरची काढा, तळाचे स्क्रू सैल करा. ते झाकणालाच अडकून राहतात, बाहेर पडत नाहीत, त्यामुळे ‘स्क्रू निघत नाही’ म्हणून ओढत बसू नका. झाकण खटक्यांवर बसलेलं असतं. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सोडवा, स्क्रूड्रायव्हर घातलात तर कड तुटेल. रॅमची पट्टी तिरकी घालून मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज आला पाहिजे. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी एखाद्या धातूला हात लावा, जरी आपल्याकडच्या दमट हवेत ती भीती कोरड्या मुलखाइतकी नसते.

झाकण उघडलंच आहे तर आत नीट बघा. आपल्या गोव्यात हे बघणं नव्या सुट्या भागांइतकंच गरजेचं. बंगळुरूच्या कार्यालयात एसीत वाढलेलं मशीन आता सत्तरीच्या पावसात आलंय. पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो; दमट हवेत तो ओला होऊन घट्ट होतो, फुंकून निघत नाही. मऊ ब्रशने, पंखा बोटाने धरून, काढावा लागतो. रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट किंवा हिरवट डाग दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, सुकू द्या, मग परत बसवा. कित्येकदा ‘बोर्ड गेला’ म्हणून आलेलं मशीन एवढ्यानेच उठतं. किनाऱ्यावरच्या, कळंगुट-मोरजीकडच्या लॅपटॉपांना खाऱ्या हवेने याहून वाईट दिवस येतात, तुम्ही त्यातून सुटलात.

आठ वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही, म्हणजे त्याची उष्णता बाहेर नेणारा लेपही, वाळलेली असणार. पंखा साध्या कामालाही ओरडत असेल तर ती बदलून घ्या. वाटाण्याहून लहान थेंब पुरतो. हे दुकानात करून घेतलंत तरी चालेल, खर्च किरकोळ आहे. आणि मे महिन्याच्या सुट्टीत किंवा पावसात लॅपटॉप कपाटात कपड्यांखाली बंद करून ठेवू नका. रोज तासभर चालणारं मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. कपाटातल्याला बुरशी येते.

बॅटरीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला त्यावर थोडं बोलायचंय. दीड तास ही तक्रार आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. लेनोवो व्हँटेजमध्ये दोन्ही बॅटऱ्यांची मूळची क्षमता आणि आजची क्षमता वेगवेगळी दाखवतात. आतली नवी असताना २४ वॉट-तासांची असते. बाहेरची २४, ४८ किंवा ७२ ची. टी४८० आधी बाहेरची वापरतो, आतली मागे राखून ठेवतो, त्यामुळे बाहेरची लवकर म्हातारी होते आणि आतली सहसा बरी निघते. एसएसडी घातल्यावर, पंखा साफ केल्यावर, हेच दीडाचे दोन तास होतील अशीही शक्यता आहे. तेव्हा आधी ते करा आणि महिनाभर बघा. घरी टेबलावर बसून काम असेल तर लाईट गेल्यावर फाइल सेव्ह करून शांतपणे बंद करण्याएवढी बॅटरी पुरते; तो तुमचा यूपीएस समजा.

बदलायचीच झाली तर फक्त बाहेरची बदला, दोन खटके सरकवले की निघते. ‘ओरिजिनल’ या शब्दाला भुलू नका. २०१८ च्या मॉडेलची कंपनीची बॅटरी आज नवीकोरी म्हणून मिळत असेल तर ती एकतर नक्कल आहे, नाहीतर गोदामात पडून म्हातारी झालेली. बरी नक्कल, वॉरंटीसह, हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. वापरलेली बॅटरी कधीच नाही. तळाचं झाकण फुगलेलं दिसलं किंवा टचपॅड वर उचललं गेलं असेल तर आतली बॅटरी फुगलीय. त्याच दिवशी वापर बंद करा. आणि ती पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, गाडीत दाबली गेली तर पेट घेते. बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांवर जुनी परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी टाकलेली आहे, तेव्हा नवी घेताना जुनी त्यांच्याकडेच द्या.

एक अर्थिंगचं. थिंकपॅडच्या चार्जरला तीन पिना असतात. जुन्या घरांत दोन भोकांचाच पॉइंट असतो म्हणून लोक मधला अडॅप्टर लावतात, आणि मग यूएसबीच्या पत्र्याला बोट लागलं की मुंग्या येतात. ती लॅपटॉपची खोड नव्हे. वायरमनकडून एक तीन पिनांचा, खरोखर अर्थिंग असलेला पॉइंट करून घ्या. परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की चार्जर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता भावाचं नाटक. त्याला माझ्याकडून सांगा की बाहेरचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे एक पेटी, तिचा स्वतंत्र वीजपुरवठा आणि आत खरं कार्ड. तिन्ही मिळून लॅपटॉपपेक्षा महाग पडतात. त्याला लागते ती गोष्ट फुकट आहे. या प्रोसेसरमध्ये एच.२६४ आणि एचईव्हीसी हे व्हिडिओचे दोन्ही प्रकार उलगडायची सोय आहे, मोबाइल याच दोनमध्ये रेकॉर्ड करतात. अडचण येते ती ४के मध्ये. जत्रेतलं नाटक रात्री उशिरा पडदा उघडून पहाटेपर्यंत चालतं. १०८०पीमध्ये सेकंदाला १७ मेगाबिट धरले तर तासाला साडेसात जीबी, पाच तासांच्या नाटकाचे अडतीसच्या आसपास. तेच ४के मध्ये ४८ मेगाबिटने घेतलं तर शंभर जीबीच्या पुढे. रात्रीच्या मांडवातल्या दिव्यांत मोबाइलचा बारीक सेन्सर तसाही ४के ला साजेसा तपशील पकडत नाही, दाणेदार अंधारच मोठा होतो. १०८०पीमध्ये शूट कर म्हणावं, स्टँडवर.

एडिटिंगला केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्यायला सांगा, दोन्ही मोफत. दोन्हींत प्रॉक्सीची सोय आहे : कापाकापी करताना लहान, हलकी प्रत समोर असते, आणि शेवटी तयार करताना मूळ व्हिडिओ वापरला जातो. १६ जीबी आणि एसएसडीवर हे नीट चालेल. पाच तासांचं नाटक तयार व्हायला मात्र वेळ लागणारच, रात्री लावून सकाळी बघावं. ते तुमच्या लॅपटॉपवर पडून राहू नये, एवढं त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या, नाहीतर महिन्यात तुमची नवी एसएसडी भरेल.

त्यासाठी जुनी हार्ड डिस्क आहेच. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत ॲपने तिची प्रकृती बघा. ‘गुड’ म्हणत असेल तर अडीच इंची यूएसबी केस घेऊन तिच्यात बसवा. तयार झालेली नाटकं ठेवायला तिचा वेग पुरतो. पण आठ वर्षांच्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवायची नाही, आणि तुमच्या प्रश्नपत्रिका तर तिच्यावर नकोतच. त्या पेन ड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर अशा दोन्हीकडे ठेवा.

लॅपटॉपचा पडदा कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. सेटिंगमध्ये १३६६ बाय ७६८ दिसलं तर तो साधा पडदा, आणि फुल एचडी आयपीएस पडदा त्या जागी बसतो. डोळ्यांना मोठा फरक पडतो, पण यंदाच्या दहा हजारांत नको. तोवर घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावून बघा, भावाचं काम त्यावरही होईल. वाय-फाय कार्डाला हात लावू नका. वाळपईला नेट अडखळतं त्याचा दोष त्या कार्डाकडे जात नाही.

दुकानात जाण्याआधी झाकण उघडून आतल्या रॅमच्या पट्टीवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून न्या. काउंटरवर तोंडी काही सांगत बसू नका, फोटो दाखवा आणि ‘हीच, आणखी एक’ एवढंच म्हणा; ४-४ च्या दोन असतील तर ‘अशीच, पण ८ ची’.